मागच्या दाराची फेरी

बॉयलरवर तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला घरात आवाज लागतो. तो नसला की फ्रिज सुरू झाला तरी माणूस दचकून उठतो, आणि मग आपण कशासाठी उठलो ते आठवत उभा राहतो. काकांचं तसंच झालं होतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात. दर रविवारी अकराला तिचा फोन यायचा, साडेअकराला संपायचा. नंतर पुढच्या रविवारपर्यंत घरात बोलायला कोणी नाही. म्हणून जुन्या छापखान्याच्या इमारतीत देखभालीला माणूस हवा आहे असं कळलं, तेव्हा काका गेले. पगार किती हे विचारायच्या आधी त्यांनी तळघर कुठे आहे ते विचारलं.

तळघरात गरम पाण्याचा एक छोटा बॉयलर होता. कारखान्यातल्या बॉयलरपुढे अगदीच पिल्लू. पण त्याला पाण्याची काच होती, आणि पेटला की तो गुरगुरायचा. काकांना तेवढं पुरलं.

वरच्या मजल्यांवर तीन संस्था नुकत्याच एकत्र आल्या होत्या. तिन्हींचं काम एकाच वयाच्या मुलामुलींसाठी. पंधरा ते पंचवीसची पोरं, ज्यांची झोप उडाली आहे, ज्यांनी कॉलेज सोडलं आहे, जी घरात असून घरात नसतात. एक संस्था खोलीत बसवून बोलायची. दुसरी मैदानावर न्यायची, पळवायची, घाम काढायची. तिसरी फोन करायची. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी, नुसतं कसं चाललंय ते विचारायला. पूर्वी ह्या तिघी शहराच्या तीन टोकांना होत्या. पोरगं एकीकडे आपली कहाणी सांगायचं, मग दुसरीकडे पहिल्यापासून सांगायचं, आणि तिसरीकडे जायचंच नाही. म्हणून तिघींनी मिळून एक इमारत घेतली. एक दार, एक स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरात एक मोठा लाकडी फळा.

फळ्यावर हुकांच्या तीन रांगा होत्या. प्रत्येक मुलाचं एक पिवळं कार्ड, त्यावर नाव नाही, फक्त नंबर. खोलीवाल्या ताईंचं काम झालं की त्यांनी कार्ड मैदानाच्या रांगेत लावायचं. मैदानवाल्याने पुढे फोनच्या रांगेत. ज्या कार्डावर पंधरा दिवस काही हालचाल नाही ते परत पहिल्या रांगेत. पाहुणे आले की त्यांना हा फळा दाखवत. काका रोज सकाळी त्याच्यावरून फडकं फिरवायचे. फळा चांगला होता, हुक पितळी होते. काकांना त्यात एक गोष्ट खटकायची, पण आपल्याला कोणी विचारलेलं नाही म्हणून ते गप्प होते.

खटकायची ती गोष्ट अशी. कारखान्यात पाळी बदलायची तेव्हा एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. येणारा माणूस पाणी सोडायच्या झडपेच्या चाकावर हात ठेवत नाही तोवर जाणाऱ्याने बॉयलर सोडायचा नाही. दोघांनी मिळून काच बघायची. काच म्हणजे बॉयलरच्या अंगाला लावलेली उभी नळी. आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. पाणी किती, दाब किती, कुठला पंप कुरकुरतोय, हे जाणाऱ्याने तोंडाने सांगायचं. मग विचारायचं, "घेतला?" येणाऱ्याने चाकावर हात ठेवून म्हणायचं, "घेतला." त्यानंतरच जाणाऱ्याचा हात निघायचा. मध्ये थोडा वेळ दोघांचेही हात एकाच चाकावर असायचे.

काकांनी ही रीत एकदाच मोडली. मुलगी लहान होती, तापाने फणफणली होती. बायको हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात होती, आणि मुलीजवळ कोणीतरी असावं म्हणून दोघांनी पाळ्या मुद्दाम उलटसुलट लावून घेतल्या होत्या. काका घरी पोचल्याशिवाय ती निघू शकत नव्हती. तीन वाजले. काकांनी खिडकीतून पाहिलं, तर पुढच्या माणसाची फाटक्या सीटची लाल सायकल स्टँडवर लागलेली. म्हणजे आलाच. काका निघाले. सायकल त्या दिवशी त्या माणसाच्या मेव्हण्याने आणली होती. माणूस चाळीस मिनिटं उशिरा आला. तोवर पाणी खाली गेलं, आतलं शिशाचं बूच वितळलं आणि वाफेने आग विझवली. बूच त्यासाठीच असतं. कोणाला इजा झाली नाही, पण कारखाना दीड दिवस बंद राहिला. फोरमन ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "सायकल म्हणाली का, घेतला म्हणून?"

पुढे कित्येक वर्षं कारखान्यातली पोरं काकांना येता-जाता म्हणायची, "घरी सायकलीला नमस्कार सांगा."

तेव्हापासून घरीही तीच रीत आली. दुपारी उंबरठ्यावर नवराबायकोची गाठ पडायची. बायको मुलीला कडेवर घेऊन उभी. "जेवली आहे. ताप नाही. दात पडलाय, तो उशीखाली ठेवलाय, विचारेल." काका हात पुढे करायचे. "घेतली?" "घेतली." दोघांची भेट बहुतेक दिवस तेवढीच. पण ती रोज व्हायची.

तर फळ्यावर कार्ड एका हुकावरून दुसऱ्यावर जायचं, आणि तेव्हा तिथे दुसरा माणूस नसायचा.

थंडीच्या दिवसांत एका मंगळवारी, पावणेपाचच्या फेरीला काका तळघराचं मागचं दार उघडायला गेले. ही फेरी रोजची. दार उघडायचं, हवा खेळवायची, मागच्या अंगणात नजर टाकायची, दार नुसतं लोटून ठेवायचं. त्या दिवशी ते दाराशी पोचायच्या आधीच एक मुलगी आत आली. एकोणीस-वीसची. पाठीची पिशवी पोटाशी घेतलेली, दोन्ही हातांनी धरलेली.

"दार उघडंच होतं," ती म्हणाली.

"उघडं असलं म्हणून काय झालं? कुठे जायचंय?"

"वर. ताईंकडे. पाच वाजता. पुढून गेलं की रस्त्यावरून कॉलेजचे दिसतात. म्हणजे, त्यांना मी दिसते."

काकांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं. "बस. कशाला हात लावायचा नाही."

ती बसली. काका काचेसमोर उभे राहिले.

"काय बघता?"

"पाणी किती आहे ते. अर्ध्यावर पाहिजे."

"आणि काच रिकामी दिसली तर?"

"आग कमी करायची. आणि थांबायचं."

"पाणी नाही घालायचं?"

"लगेच नाही. तापलेल्या पोटात एकदम गार पाणी गेलं की फुटतं. घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो."

मुलगी काचेकडे बघत राहिली. "आमच्या घरी सगळे तेच करतात," ती म्हणाली. काकांनी पुढे विचारलं नाही. विचारण्यासारखं खूप होतं, पण विचारायला वर शिकलेली माणसं होती.

"नाव काय तुझं?"

"नाव नको. वर मी एक्केचाळीस आहे. तेच बरं वाटतं. दुसऱ्याच कोणाचं तरी चालल्यासारखं."

"बरं, एक्केचाळीस."

"आणि तुम्ही चावीकाका. पट्ट्याला किती चाव्या त्या? एखादी तरी लागते का कुठे?"

"तीन लागतात. बाकीच्या शोभेला."

त्यानंतर ती दर मंगळवारी लवकर यायची आणि वर जायची वेळ होईपर्यंत स्टुलावर बसायची. बोलणं फार नसायचं. तिने दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं होतं. मावशीची लाँड्री होती, तिथे ती सकाळी कपड्यांच्या घड्या घालायची. घड्या घालताना डोकं बंद राहतं, म्हणाली.

"चादरीची घडी येते?" काकांनी विचारलं. धुलाईखान्यातल्या बाईबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाने हे विचारणं साहजिक होतं.

"मोठी चादर एकटीला नाही येत. मावशी दुसरं टोक धरते. तुम्ही कशी घालता?"

"एक टोक कपाटाच्या दारात अडकवतो."

"आणि?"

"आणि काय, ओढतो. मध्येच कपाट उघडतं आणि सगळं खाली."

ती हसली. तिला हसताना काकांनी पहिल्यांदा पाहिलं. तोंडावर हात ठेवून हसली, कोणी ऐकेल म्हणून.

थंडी सरता सरता दोन गोष्टी झाल्या. मागच्या अंगणातले तांब्याचे पाइप कोणीतरी कापून नेले, म्हणून तिन्ही संस्थांनी बैठक घेऊन मागच्या दाराला कुलूप लावायचं आणि बाहेर पहारेकरी ठेवायचा असं ठरवलं. कुलूप काकांनीच बसवलं. पहारेकऱ्याने आपला टॉर्च दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला, कुलपाची चावीही तिथेच टांगली. काकांनी ते पाहिलं आणि बाहेरची फेरी आता त्याची, असं धरून आपली पावणेपाचची फेरी सोडली. दुसरी गोष्ट म्हणजे एक्केचाळीसच्या ताईंबरोबरच्या ठरलेल्या सहा भेटी संपल्या. शेवटच्या मंगळवारी ताईंनी तिला पुढच्या दारापर्यंत पोचवलं, त्यामुळे ती खाली आलीच नाही. कुलपाचं तिला कोणी सांगितलं नाही.

पुढच्या मंगळवारी स्टूल रिकामं होतं. सकाळी फडकं मारताना काकांनी पाहिलं होतं, एक्केचाळीस मैदानाच्या रांगेत गेलं होतं. बरं झालं, काका मनात म्हणाले, पळू दे जरा. त्याच्या पुढच्या मंगळवारी कार्ड फोनच्या रांगेत होतं. मग तिथेच राहिलं. चौथ्या मंगळवारी ते पुन्हा ताईंच्या हुकावर आलेलं, त्यावर हिरवी टिकली: काम पूर्ण. कार्ड फिरून आलं होतं, मुलगी कुठे दिसली नव्हती. काका फडकं हातात घेऊन उभे राहिले. मग हे आपलं काम नाही, असं स्वतःला सांगून ते खाली गेले. तो आठवडा त्यांनी असाच घालवला, आणि पुढे त्याबद्दल त्यांनी स्वतःला कधी सूट दिली नाही.

पाचव्या मंगळवारी चारच्या सुमाराला तिघंही चहाला स्वयंपाकघरात होती. खोलीवाल्या ताई, गळ्यात शिट्टी अडकवलेला मैदानवाला आणि फोनवाल्या मॅडम. काका दाराशी उभे राहिले.

"एक विचारायचं होतं. एक्केचाळीस कशी आहे?"

ताईंनी फळ्याकडे पाहिलं. "छान आहे की. पूर्ण झालं तिचं. मैदानावर जाते ना ती?" हे मैदानवाल्याला.

"माझ्याकडे?" तो बिस्किट चहात बुडवत म्हणाला. "माझ्याकडे एकदा आली. कोपऱ्यात उभी राहिली. गर्दी नको म्हणाली. म्हटलं, मग घरी फोन येत जाईल, चालेल? चालेल म्हणाली. मी कार्ड मॅडमकडे दिलं."

"दिलं म्हणजे हुकाला लावलं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या रांगेतून आलं आणि मैदान थांबलं असं कोणी सांगितलं नाही, म्हणजे मुलगी अजून तुमच्याकडे चालू आहे असं आम्ही धरतो. चालू असलेल्यांना आम्ही वेगळा फोन करत नाही. पंधरा दिवस झाले म्हणून मी कार्ड ताईंकडे परत लावलं."

"आणि मला वाटलं, दोन्हीकडून जाऊन आली, म्हणजे झालं," ताई म्हणाल्या. म्हणता म्हणता त्यांचा आवाज खाली आला.

बिस्किट चहात तुटून पडलं. कोणी ते काढलं नाही.

वर्षअखेरीच्या अहवालात ती तीनदा मोजली गेली असती, प्रत्येक संस्थेकडे एकदा.

मॅडमनी लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ताईंनी कपाटातून कागद काढला. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, तिथे मावशीचा नंबर होता. मावशीने उचलला. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"तुमच्याकडेच निघाली की. पावणेचारला गेली." मावशीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "दर मंगळवारी येते ना? सहाला परत येते. विचारलं की सांगते, बरं वाटतंय. का हो, काय झालं?"

ताईंनी डोळे मिटले, उघडले. मग त्या मावशीशी शांतपणे बोलू लागल्या. मैदानवाला उठला आणि शिट्टी हातात घट्ट धरून बाहेर पळाला, नदीकडच्या रस्त्याने. मॅडम फोन लावत राहिल्या. पाच आठवडे एक मुलगी दर मंगळवारी घरातून निघत होती, इथे पोचत नव्हती, आणि दोन-सव्वादोन तास ती कुठे असते हे कोणालाच माहीत नव्हतं.

काकांना कोणी काही काम सांगितलं नाही. काय करावं सुचेना की माणूस आपल्या जागी जातो. काका तळघरात गेले. काच पाहिली. पाणी अर्ध्यावर. मग त्यांची नजर मागच्या दाराकडे गेली. खिळ्याला पहारेकऱ्याचा टॉर्च लटकत होता. टॉर्चच्या पट्ट्यापासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. जुनं, धुळीने जड झालेलं. चावीवरही तेच.

त्या टॉर्चला कोणी हातच लावला नव्हता. पहारेकरी संध्याकाळी सातला यायचा आणि पुढच्या फाटकाशी बसायचा, हे काकांना ठाऊक होतं. टॉर्च बघून त्यांनी बाकीचं धरून चाललं होतं. चाळीस वर्षांपूर्वी लाल सायकल बघून धरलं होतं तसंच.

जाळं हाताला चिकटलं. कुलूप जरा अडखळत उघडलं. दार ओढलं तर पायरीवर ती बसली होती. पाठ दाराकडे, पिशवी पोटाशी. दगडी पायरीच्या बाजूला लोखंडी जाळी होती, बॉयलरची गरम हवा तिच्यातून बाहेर यायची. तिने पाय जाळीवर ठेवले होते.

तिने मान वळवली नाही. "दार लावलं होतं," म्हणाली.

"मी लावलं."

"मला वाटलं, संपलं म्हणून लावलं."

काकांच्या तोंडाशी बरंच काही आलं. चोरी, पाइप, बैठक, पहारेकरी. सगळं खरं होतं. ते त्यांनी गिळलं. एक हात चौकटीवर टेकून, गुडघ्यांना शिव्या देत, ते पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये एका माणसाची जागा राहिली.

"किती मंगळवार?" त्यांनी विचारलं.

"सगळेच. एकदा मैदानावर गेले होते, तिथून इथेच आले. ते म्हणाले, फोन येईल. आठवडाभर चालू ठेवला, उशाशी. मग बंद केला. चालू ठेवला की वाट बघावी लागते."

मागच्या अंगणात कोणाची तरी मांजर पिंपावर उभी होती. दोघं तिच्याकडे बघत राहिली.

"मावशीला काय सांगायचं? जायला कुठेच नाही, असं?" ती म्हणाली. "म्हणून निघायचं. इथे पायाला ऊब लागते. आतला आवाज ऐकू येतो."

"हं."

"काच बघितली?"

"आत्ताच. अर्ध्यावर आहे."

ती पिशवीचा पट्टा बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "माझी काच पावावर," ती म्हणाली. मग, "पावाच्याही खाली."

"बरं."

"बरं काय त्यात?"

"कळलं, म्हणून बरं म्हटलं."

काकांना आता वर सांगायला हवं होतं. ताई वर होत्या, फक्त अठरा पायऱ्या. फोन कोटात, कोट वर खुंटीला. तू बस हं, मी आलोच, असं म्हणून जाता आलं असतं. कोणीही तसंच केलं असतं. काका तसे गेले नाहीत. हाक मारून तिला दचकवायचंही नव्हतं. ते बसून राहिले. दगड गार होता, काकांच्या बाजूला जाळी नव्हती. कंबर ठणकायला लागली. मागे बॉयलर पेटत होता, थांबत होता, पुन्हा पेटत होता. काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. तीही उठून गेली नाही. पंचवीस मिनिटं तरी गेली असतील.

शेवटी ताईच खाली आल्या. मागचं दार उघडं दिसलं म्हणून वाकून बघितलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अगं, किती शोधलं आम्ही तु—"

काकांनी नुसता तळहात वर केला. ताई थांबल्या. मग चपला काढल्याशिवायच, आवाज न करता, पायरीवर मधल्या जागेत येऊन बसल्या. तिघं एका ओळीत, तिघांची तोंडं पिंपावरच्या मांजराकडे.

"सांगू का तुझं यांना?" काकांनी मुलीला विचारलं.

तिने खांदे उडवले. मग मान हलवली, हो.

काकांनी पाळी देताना सांगायचे तसं सांगितलं, एकेक करून. "पाच मंगळवार इथे बसली आहे. दार मी लावलं, तिला सांगितलं नाही, चूक माझी. फोन वाट बघवत नाही म्हणून बंद ठेवलाय. मावशीला यातलं काही माहीत नाही. पाणी पावाच्या खाली आहे, ती स्वतः म्हणाली. एकदम काही ओतायचं नाही." मग ते थांबले. "घेतली?"

ताईंना ह्या रीतीची काही कल्पना नव्हती. तरी त्यांना कळलं. त्यांनी मुलीकडे पाहून विचारलं, "ठेवू हात?" आणि पिशवीच्या पट्ट्यावर, तिच्या बोटांशेजारी हात ठेवला.

"घेतली."

"मी काय बॉयलर आहे?" मुलगी म्हणाली.

"बॉयलर असतीस तर इतकी बोलली असतीस का?" काका म्हणाले आणि उठायला लागले. दोनदा प्रयत्न करावा लागला. ताईंनी दुसरा हात दिला.

आत आल्यावर ते काचेसमोर उभे राहिले. मागून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाहीत, नुसते आवाज. एक वर-खाली होणारा, एक अगदी बारीक. मग बारीक आवाज रडायला लागला. काकांचे पाय आपोआप दाराकडे वळले. मग त्यांनी ते मागे घेतले. पाळी दिली होती. दिलेल्या पाळीत परत हात घालायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी तिन्ही संस्थांची बैठक झाली. काकांना पहिल्यांदाच चहा द्यायला नाही, बसायला बोलावलं. काकांनी कुलपाचं आणि टॉर्चचं सांगितलं.

"तुमची काय चूक, काका," मैदानवाला म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. नदीपर्यंत जाऊन ओरडून आला होता. "आमचीच सगळ्यांची."

"तुमची तुमच्याकडे ठेवा," काका म्हणाले. "माझी मला राहू द्या. त्यात वाटा मागू नका."

मग मॅडमनी विचारलं तेव्हा त्यांनी पाण्याच्या चाकाची रीत सांगितली, सायकलीसकट. कोणी हसलं नाही, म्हणून त्यांना जरा चुकल्यासारखं वाटलं. सायकलीवर हसायची सवय होती.

फळा राहिला. पण त्या दिवसापासून कार्ड एकट्याने हलवायचं नाही असं ठरलं. देणारा आणि घेणारा, दोघांनी त्या मुलाला मध्ये घेऊन बसायचं. काय चाललंय ते देणाऱ्याने बोलायचं, मुलाने ऐकायचं, चुकलं तर दुरुस्त करायचं, आणि घेणाऱ्याने घेतलं म्हणायचं. वेळ जास्त लागतो. सुरुवातीला महिनाभर सगळे कुरकुरले. मैदानवाला म्हणाला, ह्यात माझे दोन सामने बुडतात. बुडू दे, ताई म्हणाल्या.

एक्केचाळीस नंतर वरच्या खोलीत पुन्हा येऊ लागली. मंगळवारी मागचं दार चार ते सहा लोटलेलं राहील असं काकांनी स्वतः पाहिलं. काही आठवडे ती स्टुलावर बसून जायची. एकदा म्हणाली, "पावाच्या वर." एकदा काहीच म्हणाली नाही. मग एकदा ताई आणि मॅडम तिला मध्ये घेऊन बसल्या, आणि तिचे फोन सुरू झाले. फोन घरी येतो, त्यासाठी इमारतीत यावं लागत नाही. जाताना ती तळघराच्या दारातून म्हणाली, "चावीकाका, येते," आणि पुढच्या दाराने गेली.

उन्हाळ्यात एका सकाळी फडकं मारताना एक्केचाळीस फळ्यावर नव्हतं. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "काका, ते सांगता येत नाही. नियम आहे." आणि मग, "काळजी करू नका," एवढं म्हणाल्या. ते त्या सगळ्यांबद्दलच म्हणायच्या. कार्ड चांगल्याने गेलं की वाईटाने, पुन्हा कॉलेजला गेली का, झोप लागते का, काकांना कधी कळणार नव्हतं. नियम बरोबर होता. काकांनी हुक पुसला.

पावणेपाचची फेरी ते आता रोज करतात, सुट्टीच्या दिवशीही येऊन. दार उघडतात, पायरी बघतात, अंगणात नजर टाकतात. संध्याकाळी सातला पहारेकरी आला की पुढच्या कुलपावर त्याचा हात पडेपर्यंत उभे राहतात. "मागचं दार लोटलंय, कुलूप लावून घे. टाकीचं पाणी अर्ध्यावर. जिन्याचा दिवा लुकलुकतोय. घेतलं?" पहारेकरी नवीन पोरगा आहे. म्हातारा चक्रम आहे असं तो सगळ्यांना सांगतो. पण "घेतलं" म्हणतो.

मग काका घरी जातात. कुलूप काढतात. उंबरठ्यावर थोडा वेळ लागतो. चपला काढायला, दुसरं काही नाही. रविवारी मुलीचा फोन येतो. काम कसं आहे विचारते. "चाललंय," काका म्हणतात. तिच्या मुलाचा दात पडलाय, ती सांगते. "उशीखाली ठेवला का?" एवढं ते विचारतात.

फोन झाला की चादर वाळलेली असते. काका ती दोरीवरून काढून आत आणतात, दोन कोपरे कपाटाच्या दारात घालून दार दाबून बंद करतात, आणि दुसरे दोन कोपरे धरून मागे मागे सरकतात, खोली संपेपर्यंत. चादर ताणली जाते. आता पुढे जाऊन कोपऱ्याला कोपरा द्यायचा असतो. काका पुढे जातात. कपाट कधी धरून ठेवतं, कधी सोडतं.